पहारा शिकविणारे लोक

बराकपूर म्हटले की वाचकांच्या डोळ्यांसमोर १८५७ चा मार्च महिना, संचलनाचे मैदान आणि मंगल पांडे उभे राहतात. आम्ही येथे बदली होऊन आलो ते बंदुकीच्या नव्हे, फायलींच्या पहाऱ्यावर. गतवर्षी आमच्या कार्यालयात संगणक-सुरक्षेचा तीन दिवसांचा वर्ग भरला. शिकवावयास आलेल्या प्रौढ बंगाली गृहस्थांनी पहिल्याच दिवशी टेबलांमधून एक फेरी मारली आणि एका काचेखाली चिठ्ठीवर लिहून ठेवलेला परवलीचा शब्द सर्वांदेखत वाचून दाखविला. ती चिठ्ठी आमची होती. दुपारी चहाच्या वेळी आम्ही किंचित फणकाऱ्यानेच विचारले, "आपण पूर्वी पोलिसांत होता काय?" ते म्हणाले, "छे! मी तागाच्या पिकाच्या पाहणीत आकडे मोजीत असे."

पहारा शिकवावयाचा, तो आकडे मोजणाऱ्याने! आम्हांस त्या वेळी हसू आले. पुढे या विद्येचा पूर्वेतिहास चाळला, तेव्हा ते हसू आमच्यावरच उलटले. या विद्येला स्वतःचे घराणे नाही. तिचे गुरू परक्या घरांतून आलेले आहेत.

पोलिसांचे घर तेवढे जुने. १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांचा जगातील पहिला विभाग सुरू झाला. त्याची वर्गीकरणपद्धती एडवर्ड हेन्री या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नावाने देशोदेशी गेली. परंतु ठशांची १०२४ कप्प्यांत वाटणी करण्याचे गणित बसविले ते काझी अझीझुल हक यांनी, आणि हक हे मुळात प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताचे विद्यार्थी. त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांनी ठशांचे वर्णन तारेने कळविण्याची सांकेतिक रीत तयार केली. कष्ट हाताखालच्याचे आणि नाव वरच्याचे, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाही. रोज सकाळी हजेरीच्या यंत्रावर बोट टेकताना आम्हांस आता हकसाहेबांचे स्मरण होते.

दुसरे घर आकडेवाल्यांचे. श्यामबाजारहून निघून आमच्या गावी येणारा बराकपूर ट्रंक रोड बारानगरातून जातो. तेथे भारतीय सांख्यिकी संस्था आहे आणि तिच्यात गूढलेखन व सुरक्षा या विषयांचे केंद्र राजचंद्र बोस यांच्या नावाने चालते. हे बोस पोलीस नव्हते, सैनिक नव्हते, आरंभी संख्याशास्त्रज्ञही नव्हते. ते आशुतोष कॉलेजात शिकविणारे भूमितीचे अभ्यासक होते. १९३२ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्यांस बोलावून घेतले, आणि महालनोबिस स्वतः पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक! खतांच्या प्रयोगासाठी शेताचे वाफे कसे मांडावेत, यासारख्या प्रश्नांत हे भूमितिज्ञ रमले.

याच संस्थेत नागपुरास शिकलेले शरद्चंद्र शंकर श्रीखंडे हे आपले मराठी गृहस्थ येऊन दाखल झाले. ऑयलर या गणितज्ञाने १७८२ साली एक कोडे घातले होते. सहा पलटणींतून प्रत्येकी सहा हुद्द्यांचे असे ३६ अधिकारी चौरसात उभे करावयाचे. आडव्या वा उभ्या कोणत्याही रांगेत तीच पलटण किंवा तोच हुद्दा दुसऱ्यांदा येता कामा नये. छावणीच्या गावी राहणाऱ्यास हे कोडे चटकन उमगते. ते सुटत नाही, आणि १०, १४, १८ अशा रांगांचे चौरसही कधी जुळणार नाहीत, असे ऑयलरचे अनुमान होते. सहांपुरते ते खरे ठरले. त्यापुढचे मात्र १७७ वर्षांनी, १९५९ साली, बोस, श्रीखंडे आणि पार्कर या त्रयीने खोटे ठरविले. वाफ्यांच्या व पलटणींच्या असल्या मांडण्यांतूनच आज निरोपात वाटेत फेरफार झाला की नाही हे पडताळण्याच्या आणि एक गुपित अनेकांत वाटून ठेवण्याच्या रीती निघाल्या आहेत. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणितविभागाचे प्रमुख झाले आणि २०२० साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, निवर्तले.

तिसरे घर चोरांचे. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, हे आपण ऐकत आलो आहोत. अमेरिकेतील केविन मिटनिक १९९५ साली पकडला गेला, सुमारे पाच वर्षे तुरुंगात राहिला आणि २००० साली सुटल्यावर मोठमोठ्या कंपन्यांस सुरक्षेचे धडे देऊ लागला. कुलूप फोडण्यापेक्षा किल्लीवाल्याशी गोड बोलणे सोपे, हे त्याच्या शिकवणुकीचे सार होते.

मग या परस्परविरोधी घरांत समान काय? आमच्या मते, बारीक फरकही नजरेआड न करण्याची सवय. १९८६ साली कॅलिफोर्नियातील एका प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाकडे संगणकाच्या हिशेबातील ७५ सेंटची तफावत शोधण्याचे काम आले. एवढी रक्कम कोणीही किरकोळ म्हणून सोडून दिली असती. स्टोल यांनी सोडली नाही, आणि माग काढता काढता पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर येथील एक घुसखोर सापडला. लष्करी संगणकांतून काढलेली माहिती तो सोव्हिएत हेरखात्यास विकीत होता.

पैशाचा मेळ बसेपर्यंत दिवा न मालविणारे हिशेबनीस आपण सर्वांनी पाहिले आहेत. वाचकांपैकी कित्येक स्वतःच तसे असतील. आज या विषयाची स्वतंत्र पदवी मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. तथापि उद्या पदवीवाचून कोणास दारातच घ्यावयाचे नाही असे ठरले, तर उद्याचा हक वा उद्याचा स्टोल बाहेरच राहील, ही आमची भीती आहे. आणि आपण कारकून मंडळींनीही 'हे आमचे काम नव्हे' म्हणून हात झटकले, तर उत्तम गुरूही काय करणार?

वर्गाच्या अखेरच्या दिवशी ते गृहस्थ पुन्हा आमच्या टेबलापाशी आले. काचेखाली आता मुलीने काढलेले गणपतीचे चित्र होते. त्यांनी ते निरखून पाहिले, हसले आणि विचारले, "परवलीचा शब्द मुलीच्या नावाचा तर केला नाहीत ना?"

आम्ही त्याच दिवशी तो बदलला.