आज्ञांची संहिता आणि आज्ञांचा प्रयोग

नाटकाची संहिता आणि नाटकाचा प्रयोग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगावे लागत नाही. संगणकाच्या इतिहासातही हा भेद भेटतो. एकेक ओळ टंकून संगणकाला आज्ञा देण्याची पद्धत, म्हणजे कमांड लाइन, रूढ झाली तेव्हा प्रोग्रॅमरच्या कामाची नोंद कशी ठेवावी आणि ते पुन्हा कसे घडवावे, हा प्रश्न उभा राहिला. त्याची उत्तरे दोन वाटांनी आली.

पहिली वाट संहितेची. लिस्प भाषेत काम करणाऱ्यांसाठी बांधलेल्या ‘प्रोग्रॅमर्स असिस्टंट’चे वर्णन वॉरन टीटलमन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केले. दिलेल्या आज्ञांची यादी तो राखून ठेवी. त्यातली एखादी पुन्हा करवून घेता येई, किंवा मागे घेता येई. १९७९ साली वितरित झालेल्या, बिल जॉय यांच्या सी शेलमध्ये अशा यादीला ‘हिस्टरी’ असेच नाव होते. दोन उद्गारचिन्हे टंकली की आधीची आज्ञा पुन्हा अमलात येई.

दुसरी वाट प्रयोगाची. त्याच वर्षाच्या अखेरीस बर्कली युनिक्समध्ये ‘स्क्रिप्ट’ ही आज्ञा आली. पडद्यावर उमटलेले सारे, खोडाखोडीसह, ती ‘टाइपस्क्रिप्ट’ नावाच्या फाइलीत उतरवते. गृहपाठ केल्याचा पुरावा हवा असलेल्या विद्यार्थ्यांना ती उपयोगी पडेल, असे तिच्या माहितीपानावर नमूद आहे. पुढे वेळेचीही नोंद होऊ लागली आणि ‘स्क्रिप्टरिप्ले’मुळे ते सत्र मूळच्या लयीत पाहता येऊ लागले.

ह्या दोन वाटांतला फरक केवळ सोयीचा नाही. समजा, ‘ह्या फोल्डरमधील सर्व फाइली पुसा’ अशी आज्ञा काल दिली होती. प्रयोगाची नोंद कितीही वेळा पाहिली तरी एकही फाइल पुसली जाणार नाही. संहितेतली तीच ओळ आज दुसऱ्या फोल्डरमध्ये चालवली, तर शब्द तेच राहतील आणि अनर्थ नवा घडेल. पुनर्दर्शनात भूतकाळ सुरक्षित असतो. पुनरावृत्तीत मात्र वर्तमान पणाला लागतो.

आज्ञा का दिली, हे मात्र दोन्ही नोंदी आपण होऊन सांगत नाहीत. शेलमध्ये # ह्या चिन्हामागे लिहिलेला मजकूर संगणक अमलात आणत नाही. तरीही कारण लिहिण्याची जागा तीच आहे. ती ओळ पुढच्या वाचकासाठी असते.