गेम कन्सोलची साठवण-वाढ

घरगुती व्हिडिओ गेम कन्सोलला जादा ड्राइव्ह जोडून वाढवलेली साठवणक्षमता. भारतात 2 फेब्रुवारी 2021 रोजी आलेल्या प्लेस्टेशन 5 (पीएस 5) मध्ये 825 जीबीची एसएसडी (फिरत्या चकतीविना चालणारी ड्राइव्ह) होती. प्रत्यक्ष वापरायला सुमारे 667 जीबीच मिळे. एखादा मोठा गेम एकटाच 100 जीबी अडवतो, तेव्हा ही वाढ म्हणजे चैन नव्हे. सप्टेंबर 2021 पासून आतल्या खाचेत एम.2 प्रकारची, म्हणजे पट्टीच्या आकाराची, एसएसडी बसवता येते. तिला हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा भाग) हवाच. यूएसबी ड्राइव्हवर पीएस 5 चे गेम ठेवता येतात, खेळता येत नाहीत; पीएस 4 चे मात्र खेळता येतात. सिन्नरसारख्या पर्जन्यछायेतल्या कोरड्या गावात एसएसडी बसवण्यासाठी कन्सोलचे झाकण काढल्यावर आधी धूळ साफ करावी. फॉरमॅट करताना नव्या ड्राइव्हवरील सर्व माहिती पुसली जाते.