ओठ आला का?

आजचा एपिसोड माझ्या चुकीपासून सुरू होतो.

माझी भाची सहा वर्षांची. तिच्या खालच्या दाढेत कीड लागली होती, म्हणून सिमेंट भरून आणलं. ताईला ऑफिसला परत जायचं होतं आणि माझं वर्क फ्रॉम होम, त्यामुळे पोरगी माझ्या ताब्यात. ताईने जाताना डॉक्टर मॅडमची चिठ्ठी हातात दिली. चार ओळी. बधीरपणा जाईपर्यंत ओठ-गाल चावू देऊ नका, गरम आणि चावायचं खाणं नको. दुखलं तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन नको. एक दिवस त्या बाजूने कडक चावू नये.

मी चिठ्ठी वाचली, कार्टून लावून दिलं आणि कॉलवर बसलो. चाळीस मिनिटांनी बाहेर येऊन बघतो तर खालचा ओठ टम्म सुजलेला, हनुवटीवर रक्त, आणि ही मजेत टीव्ही बघतेय. "मामा, माझा ओठ कुठे गेला ते बघत होते," म्हणाली. ओठ रबरासारखा लागत होता म्हणून चावून बघत होती. दुखत नव्हतंच, मग थांबेल कशाला?

दुसऱ्या दिवशी ओठावर पांढरा थर आला. मला वाटलं, पू झाला. मॅडम म्हणाल्या, पू नाही, तोंडातली जखम भरताना अशीच दिसते. खरवडू नका, थंड लावा, आठवडाभरात जाईल. सूज वाढत गेली किंवा ताप आला तरच घेऊन या. तसंच झालं. ताई मात्र चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. जुन्या कोडमध्ये कॉमेंट नसलेली ओळ दिसली की आधी ती कोणी आणि का लिहिली ते शोधायचं, मग हात लावायचा, हे आम्हाला पहिल्या नोकरीत शिकवतात. चिठ्ठीच्या बाबतीत मी हे उशिरा केलं. पण केलं.

पहिली ओळ, ओठ चावू देऊ नका. ही ओळ १८८४ च्या आधी कुणी लिहिणंच शक्य नव्हतं. त्या वर्षी व्हिएन्नात कार्ल कोलर नावाच्या तरुण डॉक्टरने दाखवलं की कोकेनचे थेंब टाकले की डोळा बधीर होतो आणि माणूस जागा असताना शस्त्रक्रिया करता येते. लगेचच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड आणि रिचर्ड हॉल यांनी तेच औषध सुईने जबड्याच्या नसेपाशी सोडलं. स्वतःवरही प्रयोग केले आणि त्यात हॉलस्टेडला कोकेनचं व्यसन लागलं. पुढे १९०५ च्या सुमारास आइनहॉर्नचं प्रोकेन आलं. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेनने लिडोकेन बनवलं. आज आपल्याकडच्या दवाखान्यांत बहुतेक वेळा टोचतात ते हेच.

यात एक गंमत आहे. खालच्या दाढा आणि खालचा ओठ एकाच नसेच्या फांद्यांवर असतात. दाढ बधीर करायची तर ओठ आपोआप बधीर होतो, वेगळं बटण नाही. त्यात औषध जागेवर टिकावं म्हणून थोडं ॲड्रेनालिन मिसळतात, ही १९०३ च्या सुमाराची हाइनरिख ब्राउनची युक्ती. ॲड्रेनालिनने रक्तवाहिन्या आखडतात आणि औषध रक्तातून लवकर वाहून जात नाही. परिणाम असा की दाढेचं काम अर्ध्या-पाऊण तासात उरकतं आणि ओठ मात्र दोन-तीन तास, कधी त्याहून जास्त, झोपलेला राहतो. म्हणजे दुखणं घालवण्याच्या उपायातूनच ही नवी दुखापत जन्माला आली.

मग आधीच्या पोरांचं काय व्हायचं? याचं सगळ्यात नोंद घेण्यासारखं उदाहरण न्यूझीलंडमध्ये सापडतं. पहिल्या महायुद्धात भरतीला आलेल्या तरुणांचे दात इतके वाईट निघाले की सरकार हादरलं. लष्करी दंतसेवेचे प्रमुख थॉमस हंटर यांनी सुचवलं, तरुण मुलींना दोन वर्षं शिकवा आणि शाळाशाळांत पाठवा. १९२१ मध्ये वेलिंग्टनला पहिली तुकडी सुरू झाली. शाळेच्या आवारातच छोटा दवाखाना आणि पोरांचे दात फुकट भरून मिळणार. त्या काळात जगात असं दुसरीकडे कुठे नव्हतं, आणि पुढे बऱ्याच देशांनी त्याची नक्कल केली.

पण पोरांनी त्या दवाखान्याला नाव ठेवलं होतं 'मर्डर हाउस'. कारण शिलाई मशीनसारखं पायाने चालवायचं ड्रिल, आणि भरायच्या दातासाठी सहसा इंजेक्शन नाही. हळू फिरणारं ड्रिल दातावर थरथरत राहायचं. वर्गातून एकेकाचं नाव पुकारलं जायचं आणि बाकीचे श्वास धरून बसायचे. आज साठी-सत्तरीत असलेले लोकही ते सांगतात. त्या नर्सेस काही राक्षसिणी नव्हत्या, विशी-बाविशीच्या पोरी होत्या, हातात होतं त्यात काम करत होत्या. काम झालं की कापसाच्या त्याच गुंडाळ्यांतून भुंगा करून पोरांना देत. दात भरल्यानंतरची काळजी म्हणजे तो भुंगा! ओठ चावण्याचा प्रश्नच नव्हता, सगळं जागं होतं.

मला हा भाग वाचून दोन दिवस कसंतरी होत होतं. आमच्या पोरीने ओठ चावला म्हणून मी अपराधी होतो, पण निदान ड्रिल चालू असताना ती कार्टूनचं गाणं गुणगुणत होती. हवेवर चालणारं, मिनिटाला तीन लाखांच्या वर फेरे घेणारं ड्रिल १९५० च्या दशकाच्या शेवटी आलं, तेव्हा कुठे ती थरथर गेली.

शेवटची ओळ, एक दिवस कडक चावू नये. ही माझ्या आजीच्या दाढेतल्या चांदीपासून आलेली. आपण चांदी म्हणतो पण त्यात निम्मा पारा असतो. १८३३ मध्ये क्रॉकूर नावाचे भाऊ हे मिश्रण घेऊन न्यूयॉर्कला गेले, नाव काय तर 'रॉयल मिनरल सक्सिडेनियम'. कीड धड न काढताच भरायचे, असे त्यांचे उद्योग. चिडलेल्या दंतवैद्यांच्या संघटनेने १८४० च्या दशकात सभासदांकडून पारा न वापरण्याची शपथ घेतली. ती मोडत गेली आणि १८५६ मध्ये संघटनाच मोडली. चांदी मात्र टिकली. तिला पूर्ण कडक व्हायला साधारण एक दिवस लागतो, म्हणून ती ओळ. युरोपीय संघात २०१८ मध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांना ती भरणं सहसा बंद झालं.

मी मॅडमना विचारलं, आमच्याकडे तर चांदी नाही, मग ओळ का? त्या हसल्या. म्हणाल्या, हे ग्लास आयोनोमर आहे, काही मिनिटांत घट्ट होतं पण आतली प्रक्रिया पुढे दिवसभर चालू असते. निळ्या दिव्याने कडक करतात ते कंपोझिट असतं तर ते तिथल्या तिथे तयार होतं. तिथे जपायचं ते बधीर ओठाला. म्हणजे ओळ तीच राहिली, कारण बदललं. आमच्या कोडमध्येही असंच होतं, फक्त तिथे विचारायला मॅडम नसतात.

ॲस्पिरिनचं थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टर राय यांनी १९६३ मध्ये मुलांमधला एक जीवघेणा आजार नोंदवला. विषाणूचा ताप असलेल्या मुलांना ॲस्पिरिन दिल्याशी त्याचा संबंध १९८० च्या दशकात स्पष्ट झाला. म्हणून लहानांना पॅरासिटामॉल. आईने लवंगेचं तेलही काढलं होतं, ते मी परत ठेवायला लावलं. बधीर ओठाला चटका कळत नाही.

गेल्या शनिवारी दुसरी दाढ भरली. या वेळी लॅपटॉप बंद, मी शेजारी. कापसाचा भुंगा करायला गेलो, त्याचा उंदीर झाला, तरी तिने ठेवून घेतला. दर दहा मिनिटांनी मी विचारायचो, ओठ आला का? ती बोट लावून बघायची आणि मान हलवायची. पाच चाळीसला म्हणाली, "मामा, आला. आता वरणभात दे."