तालीम आणि डोकं: शंभर वर्षांची गोष्ट

आज भिलाईतून बोलतोय.

एक जुना समज आहे: तालमीत जाणाऱ्याचं डोकं चालत नाही आणि ज्याचं डोकं चालतं त्यानं तालमीत वेळ दवडू नये. पोलादाचं हे शहर आता कोचिंग क्लासचंही झालंय. दहावी जवळ आली की मुलाचं मैदान सुटतं, ते याच समजापोटी. हा समज कसा ढासळत गेला, ते बघू.

१९५६ पर्यंत आपला दुर्ग जिल्हा आणि अमरावती एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. त्या अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूनं तिथं देशी खेळ करून दाखवले. कुस्तीची मेहनत वेगळी, मल्लखांबाची वेगळी, हे वस्तादांना पक्कं ठाऊक होतं. पण यातलं कुठलं मेंदूत काय करतं, हे मोजणार कसं?

मोजमापाच्या दोन वाटा १९२४ मध्ये निघाल्या. जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या. त्याच वर्षी लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केलं. बडोद्याच्या प्रा. माणिकरावांचे हे शिष्य. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी तपासलं. योग आणि व्यायाम प्रयोगशाळेत आले ते असे.

पुढे या दोन वाटा एकत्र आल्या. १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या बी. के. आनंद, जी. एस. छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांच्या मेंदूलहरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एरवी प्रकाश किंवा आवाजानं मोडणाऱ्या अल्फा लहरी समाधीत मोडत नव्हत्या.

मग एमआरआय आलं आणि इतर व्यायामांची पाळी आली. २००४ च्या जर्मन प्रयोगात लोकांनी तीन महिने तीन चेंडू हवेत झेलण्याची कसरत शिकली. हलत्या वस्तू टिपणारा मेंदूचा भाग वाढलेला दिसला. २०१० मध्ये कॅनडात वर्षभर वजनं उचलणाऱ्या ज्येष्ठ महिलांचं लक्ष एकाग्र करण्याचं कसब सुधारलं. २०११ मध्ये अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर वर्षभर प्रयोग झाला. भरभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी निगडित भाग, सुमारे २ टक्के वाढला. फक्त ताण देणारे व्यायाम करणाऱ्यांचा घटला.

म्हणजे दमाचा व्यायाम, ताकदीचा व्यायाम, तोल आणि नजरेची कसरत, श्वासाची साधना, प्रत्येकाचा मेंदूवरचा ठसा वेगळा. हे प्रयोग लहान आहेत, त्यावरून परीक्षेतले मार्क वाढतील असं कुणी सांगू नये. पण तालमीचा डोक्याशी संबंध नाही, हेही आता म्हणता येत नाही.

आपल्याच राज्यातल्या नारायणपूरच्या, अबुझमाडच्या मुलांनी २०२३ मध्ये मल्लखांबाच्या जोरावर टीव्हीवरची देशपातळीची स्पर्धा जिंकली. वरच्या टोकाला उलटं लटकून पुढची पकड कुठं घ्यायची, हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. तो नुसत्या दंडातून येत नाही.

त्या जर्मन प्रयोगातली एक गोष्ट सांगायची राहिली. चेंडूंचा सराव बंद केल्यावर तीन महिन्यांत ती वाढ बरीचशी ओसरली होती. दहावीच्या वर्षी मुलाचं मैदान बंद करण्याआधी आणि निवृत्तीनंतर आजोबांना खुर्चीत बसवून ठेवण्याआधी एवढं जरूर आठवा.