वाळूवरची अक्षरं: मद्रासने जगाला शिकवलेला अभ्यास



चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने दक्षिणेकडे निघालं की चाळीसेक किलोमीटरवर कोवलम लागतं. केरळातलं प्रसिद्ध कोवलम वेगळं. हे मच्छीमारांचं गाव. इथला नवाबी किल्ला क्लाइव्हने १७५२ साली घेतला होता. फौजेतून निवृत्त झाल्यावर मी इथे राहतो आणि रोज सकाळी वाळूत चालतो.

मागच्या सुट्टीत आठवीतला नातू पुण्याहून आला होता. "आजोबा, धडा पाच-पाच वेळा वाचतो, तरी पेपरात काही आठवत नाही," म्हणाला. मी फौजी आवाजात सांगून टाकलं, "मग दहा वेळा वाच!" पोरगं गप्प बसलं. रात्री मलाच झोप येईना. हा सल्ला चुकीचा आहे हे मला ठाऊक होतं. तो का चुकीचा, हे सांगणारी गोष्ट तर आमच्या चेन्नईतच घडलेली आहे.

१७८९ साल. मद्रासच्या एग्मोर भागात कंपनीच्या गोऱ्या सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी एक आश्रमशाळा सुरू झाली. बहुतेकांच्या आया इथल्याच. शाळेची देखरेख अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याकडे आली. या कामाचा पगार त्याने घेतला नाही. पण शिक्षक यथातथाच होते आणि मुलं पुढे सरकत नव्हती.

एके दिवशी घोड्यावरून जाताना बेलला एक देशी शाळा दिसली. तमिळनाडूत अशा शाळेला तिण्णै शाळा म्हणत. तिण्णै म्हणजे ओसरी. मुलं जमिनीवर बसून, समोर पसरलेल्या वाळूत बोटाने अक्षरं काढत होती. बेलला ही युक्ती पटली. त्याने आपल्या शिक्षकांना तसंच शिकवायला सांगितलं, तर त्यांनी नाक मुरडलं. मग त्याने जॉन फ्रिस्केन या आठेक वर्षांच्या, साध्या शिपायाच्या मुलाला हाताशी धरलं आणि मुळाक्षरांचा वर्ग त्याच्यावर सोपवला. मोठ्यांना न जमलेलं काम या पोराने करून दाखवलं. हळूहळू सगळी शाळाच मुलांनी मुलांना शिकवण्यावर चालू लागली.

आता, मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होतीच. पाटीवर धूळ पसरायची, अक्षर काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. पुढे गेलेला मुलगा मागच्याकडून गिरवून घ्यायचा. बेलने ही पद्धत शोधली नाही. पाहिली, नीट बसवली आणि लिहून ठेवली. १७९७ साली लंडनमध्ये त्याचं छोटं पुस्तक निघालं. जोसेफ लँकेस्टरनेही तिथे जवळजवळ अशीच पद्धत चालवली. १८११ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटीने ती इंग्लंडभर नेली आणि तिला नाव पडलं 'मद्रास पद्धत'. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या बेलच्या गावी, त्याने ठेवलेल्या पैशातून उभी राहिलेली शाळा आजही मद्रास कॉलेज या नावाने चालते. वाळूत बोट फिरवणाऱ्या त्या तमिळ मुलांची आणि त्यांच्या गुरुजींची नावं मात्र कुणी नोंदवली नाहीत.

त्याच वर्षांत मद्रासमध्ये आणखी एक विद्यार्थी होता, आपला मराठी. तंजावरचे सरफोजीराजे. भाऊबंदकीतून जिवाला धोका, म्हणून १७९३ मध्ये त्यांना तंजावरहून इथे आणलं. पाद्री गेरिके यांच्या देखरेखीखाली ते शिकले आणि १७९८ मध्ये गादीवर बसले. शिकलेलं त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं नाही. ओरत्तनाडच्या अन्नछत्रात मुलांना जेवण आणि विद्या दोन्ही मिळू लागलं. तंजावरला देवनागरी छापखाना निघाला आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक 'बालबोध मुक्तावली' तिथे छापलं गेलं. महाराष्ट्राबाहेर, हे लक्षात घ्या.

मद्रास पद्धतीला दुसरी बाजूही आहे. एका मास्तरावर शेकडो मुलं भागतात, हे दिसल्यावर इंग्लंडात तिचा कारखाना झाला. शिकवणारा मुलगाच पोपटपंची करू लागला की पुढचेही पोपटच होणार. म्हणून ती पुढे मागे पडली. पण मूळ गाभा खरा होता. धडा छोटा घ्या, तो पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, वाचलेलं हाताने उतरवा आणि दुसऱ्याला शिकवा, यावर बेलचा भर होता.

फौजेत आम्ही हेच करत होतो. आमचे उस्ताद एकदा हत्यार खोलून-जोडून दाखवत, मग आमच्याकडून करून घेत, पुढे डोळ्यांवर पट्टी बांधून. आणि शेवटी म्हणत, "अब साहब, आप सिखाइए." तिथे खरी परीक्षा व्हायची. शिकवायला उभं राहिलं की आपल्याला काय येत नाही ते लगेच कळतं. नुसतं वाचताना ते कळत नाही. डोळ्यांना ओळखीचं वाटतं आणि आपण समजतो, आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाला किनाऱ्यावर नेलं. आधी म्हटलं, "काल मी चुकीचं सांगितलं." मग पुस्तक पिशवीत ठेवायला लावलं आणि धड्यातलं आठवेल ते काठीने ओल्या वाळूत लिहायला सांगितलं. चार ओळींवर गाडी अडली. पुस्तक उघडून अडलं तेवढंच पाहिलं. लाट आली, सगळं पुसून गेलं, पुन्हा लिहिलं. तिसऱ्या खेपेला तो अडला नाही. संध्याकाळी धाकट्या बहिणीला तोच धडा शिकवायला बसला. तिने मध्येच विचारलं, "पण राजाने असं का केलं?" याला उत्तर येईना. तो उठला आणि कुणी न सांगता पुस्तक घेऊन आला.

तर मुलांनो, आज एवढंच करून पाहा. एक पान वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते लिहा, चुकलेलं तपासा. दोन-तीन दिवसांनी तेच पान पुन्हा न बघता लिहा, आणि मग घरात कुणालातरी शिकवा. आणि पालकहो, आज्जी-आजोबाहो, मुलाने शिकवायला घेतलं की निमूटपणे विद्यार्थी व्हा. "का?" एवढंच विचारा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.