रक्त वाढवणाऱ्या इंजेक्शनची कुळकथा

गुडघा किंवा खुबा बदलायचा आहे आणि हिमोग्लोबिन निघालं अकरा. अशा वेळी दुसऱ्याचं रक्त चढवणं टाळायचं, तर एक वाट एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनची असते. त्याने रुग्णाचीच अस्थिमज्जा तांबड्या पेशी जोमाने घडवू लागते.

या औषधाचं मूळ १९०६ सालच्या पॅरिसमध्ये आहे. पॉल कार्नो आणि देफ्लांद्र यांनी रक्त काढलेल्या सशाचा सीरम दुसऱ्या धडधाकट सशाला टोचला, तेव्हा त्याच्या तांबड्या पेशी वाढल्या. रक्त कमी पडलं की शरीर मज्जेला निरोप धाडतं, असं त्यांनी मांडलं. इतरांना मात्र हा प्रयोग नीट साधेना, आणि कल्पना मागे पडली. १९४८ मध्ये हेलसिंकीत या निरोपाला एरिथ्रोपोएटिन हे नाव मिळालं. तो मूत्रपिंडातून निघतो, हे शिकागोच्या जेकबसन आणि गोल्डवासर यांनी १९५७ मध्ये दाखवलं.

पण तो शुद्ध स्वरूपात मिळवायचा कुठून? उत्तर जपानमधून आलं. कुमामोतोचे ताकाजी मियाके ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांचं मूत्र जमवत होते. या आजारात मज्जाच थकलेली असते. मूत्रपिंडं निरोपावर निरोप धाडतात, पण ऐकणारं कोणी नसतं, आणि एरिथ्रोपोएटिन मूत्रावाटे वाहून जातं. असं २,५५० लिटर मूत्र आटवून उरलेला ऐवज मियाके यांनी रेशमी कापडात बांधला आणि १९७५ च्या डिसेंबरात शिकागोला गोल्डवासर यांच्या हाती दिला. त्यातून शुद्ध एरिथ्रोपोएटिन निघालं ते जेमतेम काही मिलिग्रॅम. १९७७ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं.

पुढचा प्रवास वेगाने झाला. १९८३ मध्ये ॲमजेन कंपनीत फू-कुएन लिन यांनी त्याचं जनुक वेगळं केलं. ते हॅमस्टरच्या पेशींत घालून औषध हवं तेवढं बनू लागलं. अमेरिकेत १९८९ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी आणि १९९६ मध्ये ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांसाठी त्याला मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेच्या २१, १४ आणि ७ दिवस आधी आणि त्या दिवशी एक, अशी इंजेक्शनं देतात. जोडीला लोह लागतं, कारण त्यावाचून हिमोग्लोबिन बनत नाही. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असल्याने तेही जपावं लागतं.

ज्यांच्या मूत्रातून हे औषध हाती आलं, त्यांच्या स्वतःच्या मज्जेला ते जागं करू शकत नव्हतं. शास्त्रज्ञांची नावं घेताना त्या अनाम जपानी रुग्णांचं ऋणही मान्य करायलाच हवं.