कच्च्या मातीचा बैल

खर्डा म्हटलं की लोकांना 11 मार्च 1795 ची लढाई आठवते. मला आठवतात पोळ्याच्या आदल्या दिवशी टोपलीत दाटीवाटीने उभे असलेले मातीचे बैल. ज्यांच्या दावणीला जनावर नाही, त्यांच्या घरी श्रावण अमावास्येला हीच जोडी पाटावर बसते. हळदकुंकू तिलाच, पुरणपोळीचा नैवेद्यही तिलाच.

हा बैल चाकावर होत नाही. गाळून मळलेल्या मातीचा लोळा तळहातावर वळायचा, चिमटीने चार पाय ओढायचे. मानेमागची माती दोन बोटांत धरून वर उचलली की वशिंड उभं राहतं. शिंगं वेगळी वळून ओल्या बोटाने चिकटवतात, म्हणून मोडतात तीही आधी. सावलीत वाळला की अंगाला गेरू, नाहीतर चुना. असे कितीतरी बैल आव्याचं तोंडही बघत नाहीत. पोळा झाला की पाण्यात सोडायचे, पुढच्या वर्षी नवे.

इतकी अल्पायुषी वस्तू, पण कूळ फार मागे जातं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं. एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी निघाली. आत एक स्त्रीमूर्ती, वर दुसरी बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि सोबत एक बैल. काडी घालून ही बिनडोक्याची मूर्ती बैलाच्या पाठीवर बसवता यावी, अशी भोकं दोघांना होती. सगळं कच्च्या मातीचं, भाजलेलं काहीच नाही, आणि वय तीन हजार वर्षांहून जास्त. ती माणसं ज्या संस्कृतीची, तिला नाव मिळालं ते आपल्या खर्ड्याच्याच जिल्ह्यातल्या, संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्यावरून. त्या देवीच्या बैलापासून आपल्या पोळ्यापर्यंत सरळ रेघ ओढायला मी धजणार नाही, मधली शतकं मुकी आहेत. पण कच्च्या मातीचा बैल करून तो पुजावा, ही बुद्धी या काळ्या रानात तेव्हाही होती. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला 1974 मध्ये सापडलेली कांस्याची जनावरं जगभर गाजली. त्यांच्यासोबत निघालेल्या रथालाही बैलच जुंपलेले आहेत. धातू टिकला म्हणून त्याची कीर्ती झाली. माझा जीव मात्र इनामगावच्या त्या बैलात जास्त गुंततो, कारण तो टिकायचं काहीच कारण नव्हतं.

संग्रहालयात अशा वस्तूंखाली 'टेराकोटा' लिहितात. शब्द इटालियन, अर्थ भाजलेली माती. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या मूर्तींना तो शोभतो. तिथली सातवाहनकाळची मातीकामं दोन साच्यांत दाबून, आतून पोकळ ठेवून घडवलेली. ही रीत रोमशी चाललेल्या व्यापारातून आली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. गावच्या पांढरीत निघालेल्या अशा हजारो वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या. आज त्यांच्याच नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय तेरला उभं आहे. एका माणसाने वेचलं नसतं, तर ते नांगराखाली गेलं असतं.

खुद्द इटलीतही मातीच्या जनावरांचा असाच नाद आहे. फ्लॉरेन्सजवळच्या मोंतेलुपो फ्योरेन्तिनो गावी बितोस्सीच्या कारखान्यात आल्दो लोंदी यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर बैल, घोडे, मांजरं, घुबडं घडवली. ओल्या मातीवर बारीक ठसे दाबायचे आणि वर निळीहिरवी झिलई. संग्राहक असं जनावर हातात घेतलं की आधी उलटं करतात, कारण तळाशी हाताने रंगवलेला आकडा आणि 'इटली' हा शब्द असतो. भाव त्यावर आणि झिलईच्या धडपणावर ठरतो.

आमचा बैल उलटा केला तर पोटाखाली फक्त बोटांचे ठसे दिसतात. पण नीट पाहिलं तर तीही ओळखच आहे. कुणाचं वशिंड मागे कललेलं, कुणाची शिंगं कोरीसारखी बारीक. पाण्यात न सोडलेल्या चार वर्षांच्या जोड्या शेजारी ठेवल्या तेव्हा घडवणारा हात बदललेला मला बघताक्षणी कळला. तेव्हापासून दर पोळ्याला मी दोन जोड्या घेतो. एक पुजून पाण्यात सोडतो. दुसरीच्या पोटावर साल आणि करणाऱ्याचं नाव पेन्सिलीने लिहितो आणि कापसात गुंडाळून कोरड्या कोनाड्यात ठेवतो. पावसाळ्यात त्या कोनाड्याची भिंत ओलावली की रात्री उठून हात लावून पाहतो.